कर्ण कोणता, आणि गरबा की रास?

फॅनआर्ट, म्हणजे आपल्या आवडत्या मालिका-खेळांतल्या पात्रांची चित्रे, काढणारी मंडळी एकेका चित्रासाठी रात्री जागवतात आणि टॅग, म्हणजे चित्र शोधता यावे म्हणून त्याला जोडायचे शब्द, मात्र अपलोडचे बटण दाबण्यापूर्वीच्या अर्ध्या मिनिटात लिहून मोकळी होतात, ही माझी जुनी तक्रार आहे. केसांच्या एका बटेवरचा उजेड पुन्हापुन्हा पुसून रंगवणारा चित्रकार टॅगांच्या चौकटीत ‘छान’, ‘माझी कला’, ‘आवडले तर सांगा’ असे काहीबाही टाकतो आणि चित्र कोणापर्यंत पोहोचले नाही म्हणून खट्टू होतो. मी पेशाने ग्रंथालयात तालिकीकरणाचे काम करते, म्हणजे आलेल्या पुस्तकाचा कर्ता कोण, विषय कोणता आणि ते शोधायला येणारा माणूस कोणत्या नावाने शोधील, हे ठरवण्यात माझा दिवस जातो. संध्याकाळी माझी भाची तिच्या मित्रमैत्रिणींची चित्रे मला दाखवते. बडोद्यातल्या मराठी घरांतली ही मुले शाळा-कॉलेजात गुजराती बोलतात, घरी मराठी बोलतात आणि रात्री जपानी मालिका पाहतात, त्यामुळे त्यांच्या चित्रांत या तिन्ही जगांची सरमिसळ असते आणि टॅगांत तर ती अधिकच असते. त्या टॅगांवरून आमचे जे वाद होतात, त्यांतून माझी काही मते पक्की होत गेली. ती येथे सविस्तर मांडते आहे.

टॅगाकडे दोन कामे असतात, आणि बहुतेकांना त्यांतले एकच ठाऊक असते. पहिले काम शोधणाऱ्याला चित्रापर्यंत आणण्याचे. दुसरे काम, ज्याला ते चित्र नको आहे त्याला त्यापासून दूर ठेवण्याचे. कोणाला सापांचे चित्र पाहवत नाही, कोणी मालिकेचा शेवटचा भाग अजून पाहिलेला नाही, कोणी कार्यालयातल्या संगणकावर पाने चाळतो आहे. अशी माणसे आपापल्या खात्यात नको असलेले टॅग नोंदवून ठेवतात आणि मग आपण प्रामाणिकपणे टॅग लिहिले असतील एवढ्याच भरवशावर असतात. चुकीचा टॅग पहिल्या माणसाचा वेळ खातो, तर गाळलेला टॅग दुसऱ्याला नको ते दाखवतो. हे दोघेही आपल्या ओळखीचे नसतात. टॅग त्यांच्यासाठी लिहायचा असतो, एवढे मान्य केले की ‘छान’ हा शब्द आपोआप गळून पडतो, कारण ‘छान’ असे टंकून चित्र शोधणारा किंवा टाळणारा मनुष्य अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

ज्या संकेतस्थळांनी टॅगांचा विचार गांभीर्याने केला त्यांत 2005 साली सुरू झालेल्या डॅनबूरूचे नाव घ्यावे लागते. तिथे प्रौढांसाठीची चित्रेही मुबलक असल्याने भाचीच्या धाकट्या मित्रांना मी तो पत्ता देत नाही, पण तिथली टॅगांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. टॅगांचे पाच वर्ग केलेले आहेत: चित्रकार, मूळ कृती, पात्र, सामान्य वर्णन आणि चित्राविषयीची तांत्रिक माहिती. वर्णनाच्या टॅगांना तिथे एक साधा नियम लागू होतो: जे दिसते ते लिहा. पात्राचे डोळे मूळ मालिकेत निळे असतील, पण या चित्रात ते मिटलेले असतील, तर ‘निळे डोळे’ असा टॅग द्यायचा नाही. पात्राकडे तलवार असते हे सर्वांना माहीत असले तरी चित्रात ती नसेल, तर टॅगातही ती असता कामा नये. हा नियम ऐकायला बाळबोध वाटतो, पण चाहत्याला तो पाळणे सर्वांत कठीण जाते. चाहता पात्राविषयी इतके काही जाणत असतो की कागदावर काय उतरले आणि मनात काय आहे यांतली सीमा त्याला दिसेनाशी होते. मिटलेल्या डोळ्यांचे संदर्भचित्र शोधणारा विद्यार्थी मात्र त्याच टॅगावर विसंबून येतो आणि रिकाम्या हाताने परततो.

आता पात्राच्या नावाकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. भाचीच्या गटातल्या एकाने कर्णाचे चित्र टाकले आणि टॅग दिला ‘कर्ण’. चित्र सुरेख होते. केस पांढरे, अंगावर सोन्याचे टोकदार कवच, हातात माणसापेक्षा मोठा भाला. ज्याला जपानी मोबाइल खेळ ठाऊक आहेत त्याने ओळखले की हा अशाच एका खेळातला कर्ण आहे. आमच्या पिढीतल्या कोणी ‘कर्ण’ असे शोधले असते, तर त्याच्या मनात 1988 साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या मालिकेतला कर्ण असता, आणि मराठी कादंबऱ्यांवर पोसलेल्या वाचकाला आणखी तिसराच, मनातल्या मनात बोलणारा, सूर्याकडे तोंड करून उभा असलेला कर्ण हवा असता. एकच नाव, पण मूळ कृती वेगवेगळ्या. म्हणून नावाच्या टॅगाला मूळ कृतीची जोड हवी. डॅनबूरूवर त्या खेळातल्या कर्णाच्या आणि अर्जुनाच्या नावापुढे कंसात खेळमालिकेचे नाव जोडलेले असते, ते याच कारणाने. जिथे कंस चालत नाहीत तिथे मूळ कृतीचा स्वतंत्र टॅग द्यावा, पण तो गाळू नये. आणि चित्र जर थेट महाभारतावरून, व्यासांच्या कर्णावरून सुचले असेल, तर तसे लिहिण्यात संकोच कसला? ‘महाभारत’ हाही मूळ कृतीचाच टॅग आहे.

पात्र वेषांतरात असेल तेव्हा प्रश्न अधिक रंगतदार होतो. अज्ञातवासात विराटाच्या घरी राहणाऱ्या द्रौपदीचे चित्र काढले, तर टॅग ‘द्रौपदी’ द्यायचा की ‘सैरंध्री’? बृहन्नडा उत्तरेला नृत्य शिकवीत आहे असे चित्र असेल, तर ते ‘अर्जुन’ शोधणाऱ्याला दिसावे की नाही? आमच्या बडोद्याला या प्रश्नाची सवय असायला हवी, कारण सयाजीरावांनी राजा रविवर्म्याकडे 14 पौराणिक चित्रांचे काम सोपवले तेव्हापासून पुराणातली माणसे येथे भिंतीवर राहत आली आहेत, आणि कीचक-सैरंध्री हा प्रसंग तर रविवर्म्याचा आवडता. त्या चित्राला आपण ‘सैरंध्री’ म्हणतो, तरी द्रौपदीची चित्रे पाहायला आलेल्याला ते दाखवले नाही, तर आपण त्याला फसवले असे होईल. माझ्या मते येथे दोन्ही टॅग हवेत: व्यक्तीचा टॅग ‘द्रौपदी’ आणि रूपाचा टॅग ‘सैरंध्री’. व्यक्ती एकच असते, रूपे अनेक असू शकतात, आणि शोधणारा दोन्ही वाटांनी येतो. मात्र हेच सूत्र चालू मालिकेतल्या पात्राला जसेच्या तसे लावता येत नाही. मुखवट्यामागचा माणूस कोण हे शेवटच्या भागात उघड होणार असेल, तर दोन नावे शेजारी शेजारी लिहिणे म्हणजे टॅगातच रहस्य फोडणे. तिथे ‘स्पॉयलर’ हा टॅग आधी यावा, आणि ज्या ठिकाणी टॅगांची यादी चित्राच्या आधी दिसते तिथे खरे नाव काही काळ मागे ठेवलेले बरे. महाभारताला असली भीती नाही. भीम बल्लवाचार्य झाला हे सांगितल्याने कोणाची उत्सुकता मावळल्याचे ऐकिवात नाही.

वेषांतर आणि दुसऱ्याचा वेष घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही नीट लक्षात घ्यावे. एका मालिकेतल्या नायकाने दुसऱ्या मालिकेतल्या नायकाचे कपडे घातले आहेत, अशी चित्रे चाहते हौसेने काढतात. अशा चित्रात दुसरा नायक हजर नसतो, फक्त त्याचा पोशाख हजर असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या नावाचा साधा टॅग देणे चूक, आणि ‘अमक्याचा कॉस्प्ले’ असा टॅग देणे बरोबर. क्रॉसओव्हर म्हणजे दोन्ही जगांतली पात्रे प्रत्यक्ष एकत्र आलेली असणे. कपड्यांच्या उसनवारीला क्रॉसओव्हर म्हटले, की दोघांना एकत्र पाहायला आलेला प्रेक्षक हिरमुसला होतो.

नवरात्राच्या सुमारास आमच्याकडे या वर्णनाच्या टॅगांची खरी परीक्षा होते. त्या दिवसांत भाचीच्या गटातला जवळजवळ प्रत्येक जण आपल्या लाडक्या जपानी योद्ध्याला केडियुं, म्हणजे गरब्यातला घेरदार अंगरखा, घालून मैदानात उतरवतो, आणि दर चित्राखाली ‘गरबा’ हा टॅग असतो. एका चित्रात योद्ध्याच्या हातांत टिपऱ्या होत्या. बडोद्यात वाढलेल्या मुलीला तरी हे खटकायला हवे होते, असे मी भाचीला म्हणाले. येथल्या मोठ्या मैदानांवरचा गरबा टाळ्यांचा, टिपऱ्या घेऊन खेळतात तो दांडिया रास. त्यावर ती म्हणाली, “आत्या, बाहेरच्या लोकांना तो फरक कळतच नाही, ते सगळ्यालाच गरबा म्हणून शोधतात.” तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. लोक कोणत्या शब्दाने शोधतात हे पाहावेच लागते, आमच्या ग्रंथालयातही पाहतो. पण त्यावरचा उपाय चुकीचा टॅग देणे हा नाही. ‘दांडिया रास’ हा नेमका टॅग आणि ‘नवरात्र’ हा व्यापक टॅग, असे दोन दिले की बाहेरचा माणूस नवरात्राच्या वाटेने येतो आणि ज्याला टाळ्यांच्या गरब्यातली हातांची ठेवण अभ्यासायची आहे त्याच्या वाटेत टिपऱ्या येत नाहीत. नेमका आणि व्यापक अशी ही जोडी जवळजवळ सर्वत्र उपयोगी पडते. डॅनबूरूवर तर अशी सोयच केलेली आहे की काही नेमके टॅग दिले असता त्यांचे व्यापक टॅग आपोआप जोडले जातात.

साड्यांच्या बाबतीतही हेच. रविवर्म्याच्या पौराणिक नायिकांना अनेकदा नऊवारी नेसवलेली असते. तेव्हा टॅग लिहिताना ‘पुराणकाळातले वस्त्र’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘नऊवारी’ लिहावे, कारण डोळ्यांना दिसते ती नऊवारीच. भाचीच्या मैत्रिणीने एका जपानी राजकन्येला साडी नेसवली, तिचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आणलेला होता, म्हणजे नेसण गुजराती पद्धतीची. तिने मराठी मुलीच्या अभिमानाने टॅग दिला ‘मराठी साडी’. अभिमान समजू शकतो, पण पदर गुजराती सांगत असेल, तर टॅगाने मराठी सांगू नये.

टॅगांना इतके महत्त्व का द्यावे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने आमच्या गावाचा थोडा इतिहास आठवावा. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारण्याचे काम त्याच्याकडे दिले. बॉर्डनने 1911 मध्ये येथे ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचे वर्ग सुरू केले, आणि पुस्तकांच्या वर्गीकरणासाठी ड्यूई व कटर या दोघा अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्यापुरती एक पद्धत तयार केली. परदेशी पद्धत होती तशी न उचलता येथल्या पुस्तकांना आणि वाचकांना सोयीची होईल असे तिला रूप द्यावे, ही दृष्टी त्या कामात होती. पुढे 1933 साली मद्रासचे ग्रंथपाल रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण ही पुस्तके लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एखाद्या विषयाला एकाच खणात कोंबण्यापेक्षा त्याच्या निरनिराळ्या बाजू सुट्या करून नोंदवाव्यात, हा त्यामागचा विचार, आणि त्या बाजूंना त्यांनी पाच मूलभूत कोटींत बसवले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. रंगनाथनांच्या डोळ्यांसमोर फॅनआर्ट नव्हते हे उघड आहे, तरीही त्यांच्या पाच कोटी चित्राच्या टॅगांना मला फार उपयोगी वाटतात. चित्रात कोण आहे, चित्र कशाने काढले आहे, काय चालले आहे, कुठे आणि केव्हा, एवढे प्रश्न क्रमाने विचारले की सहसा काही सुटत नाही. पुस्तकाला फळीवर एकच जागा मिळते म्हणून आम्हांला एकच क्रमांक निवडावा लागतो. चित्राला फळी नसते, त्याला सर्व बाजूंनी वाटा देता येतात, आणि ही चैन हाताशी असताना मुले ‘छान’ लिहून थांबतात, याचे मला वाईट वाटते.

चित्र कशाने काढले हा प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो, पण तिथे ‘जे दिसते ते लिहा’ हा नियम अपुरा पडतो. जलरंगाचा भास देणारे डिजिटल ब्रश आता इतके चांगले निघाले आहेत की पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तो फक्त काढणाऱ्याला माहीत असतो, म्हणून तो सांगण्याची जबाबदारीही त्याचीच. मालिकेतल्या एखाद्या दृश्याची चौकट समोर ठेवून ती आपल्या शैलीत काढली असेल, तर ‘रीड्रॉ’ हा टॅग द्यावा आणि मूळ दृश्य कोणत्या भागातले ते वर्णनात लिहावे. दुसऱ्या चित्रकाराने दिलेल्या शरीरस्थितीच्या आराखड्यावर चित्र बेतले असेल, तर त्याचे नाव द्यावे. आणि चित्र यंत्राकडून, म्हणजे एआयकडून करून घेतले असेल, तर तसे ठळकपणे सांगावे. जपानच्या पिक्सिव्ह या चित्रस्थळाने 2022 च्या ऑक्टोबरात अशा चित्रांसाठी वेगळी खूण ठेवली आणि ज्यांना ती पाहायची नाहीत त्यांना ती गाळण्याची सोय दिली. एआयच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणाचे काहीही मत असो, तो टॅग लपवणे हे मत ठरत नाही, तो खोटेपणा ठरतो, आणि त्याबाबत मी भाचीच्या गटात कोणाचीही भीड ठेवलेली नाही.

नात्यांचे टॅग हा भांडणाचा हमखास विषय. मुख्यतः चाहत्यांच्या कथांच्या, पण चित्रांनाही वाव देणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संग्रहाने, जो 2009 च्या नोव्हेंबरात सर्वांसाठी खुला झाला, येथे एक सोपी खूण रूढ केली आहे. दोन नावांमध्ये तिरकी रेघ असेल, तर नाते प्रेमाचे किंवा शरीरसंबंधाचे. इंग्रजीतले ‘आणि’चे चिन्ह असेल, तर मैत्रीचे, भावंडांचे, गुरुशिष्यांचे, वैराचे, बाकी कोणतेही. मराठी मुले या दोन खुणा सर्रास उलटसुलट वापरतात, कारण त्यांना दोन्ही म्हणजे नुसते ‘दोघे जण’ असे वाटते. कर्ण आणि दुर्योधन गदा टेकवून बसले आहेत, एवढेच चित्र असेल, तर तिथे तिरकी रेघ टाकून आपण दोन्ही प्रकारच्या प्रेक्षकांना चकवतो: मैत्रीची चित्रे पाहणाऱ्याला ते सापडत नाही आणि प्रेमाची चित्रे पाहणाऱ्याला त्यात काही मिळत नाही. चित्र काढताना तुमच्या मनात काय होते, हे मान्य. पण नजर, स्पर्श, अंतर यांपैकी कशातही ते उतरले नसेल, तर ते टॅगात आणू नये. मथळ्यात किंवा खालच्या मजकुरात लिहावे, तिथे कोणाची ना नाही.

सावधगिरीच्या टॅगांविषयी मी सर्वांत अधिक आग्रही आहे. त्याच संग्रहात इशाऱ्यांच्या बाबतीत दोन पर्याय आहेत, ज्यांतला फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक पर्याय सांगतो की यादीतला कोणताही इशारा या कृतीला लागू नाही. दुसरा सांगतो की कर्त्याने इशारे न देण्याचे ठरवले आहे. पहिला म्हणजे आश्वासन, तर दुसरा म्हणजे ‘आत काहीही असू शकते, स्वतःच्या जबाबदारीवर या’. रहस्य राखण्यासाठी दुसरा पर्याय निवडणे पूर्णपणे प्रामाणिक आहे. रक्तपात दाखवून पहिला निवडणे मात्र नाही. याच्या उलट दोष म्हणजे अति सावधगिरी. गालावरच्या एका ओरखड्याला ‘रक्तपात’ म्हणणारे लोक असतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु ज्याने खरोखर भीषण चित्रे टाळण्यासाठी तो टॅग गाळून ठेवला आहे, त्याला मग साधी चित्रेही दिसेनाशी होतात. काही दिवसांनी तो वैतागून गाळणी काढून टाकतो, आणि नेमके त्याच वेळी खरे भीषण चित्र समोर येते. म्हणून ‘रक्त’ आणि ‘रक्तपात’ हे दोन टॅग वेगळे ठेवावेत, आणि कापलेले अवयव, उघडी जखम असे काही असल्यावाचून दुसऱ्याला हात लावू नये.

येथे एक नवी खोड शिरली आहे. काही ठिकाणी विशिष्ट शब्द असलेली चित्रे मागे ढकलली जातात, अशा समजुतीने मुले इशाऱ्याच्या शब्दात मधे चांदणी घालतात किंवा अक्षराऐवजी आकडा लिहितात. पुष्कळ ठिकाणची गाळणी अक्षराला अक्षर ताडून पाहते. तिच्या दृष्टीने चांदणी घातलेले ‘रक्त’ हा निराळाच शब्द. म्हणजे इशारा दिल्याचे समाधान चित्रकाराला मिळते आणि इशारा ज्याच्यासाठी होता त्याला तो पोहोचतच नाही.

शुद्धलेखनाचा त्रास देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांना दुहेरी होतो. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका तर आहेतच, पण संगणकाच्या पोटातही एक खोच आहे. ‘डोंगरदऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधयंत्राने ती काळजी आधीच घेतलेली नसेल, तर त्याला ते दोन वेगळे टॅग वाटतात, आणि सह्याद्रीच्या पार्श्वभूमीची निम्मी चित्रे एका बाजूला, निम्मी दुसऱ्या बाजूला पडतात. जपानी नावांचे हाल याहून अधिक. एकाच मुलाचे नाव कोणी ‘तोऊरू’ लिहितो, कोणी ‘तोरू’, कोणी ‘टोरू’, शिवाय आडनाव आधी की नंतर हा वाद वेगळा, आणि आमच्याकडे त्यात गुजराती लिपीची भर. वर सांगितलेल्या संग्रहात अशा विखुरलेल्या रूपांना एका प्रमाण रूपाखाली जोडण्याचे काम स्वयंसेवक करतात. कर्त्याने लिहिलेला शब्द त्याच्या कृतीवर तसाच राहतो, शोध मात्र सर्वांना एकाच ठिकाणी आणतो. ही सोय नाही तिथे गटानेच एक यादी करून ठेवावी लागते. भाचीने तशी एक केली आहे. तिच्यात रोमन लिपीतले प्रचलित रूप पहिले, देवनागरी दुसरे, आणि गरज पडली तर गुजराती तिसरे. रोमनला पहिला मान दिल्याबद्दल मी थोडी कुरकुर केली, पण जगभरचे चाहते त्याच रूपाने शोधतात, तेव्हा माझी कुरकुर मराठी अभिमानापलीकडे जात नाही.

टॅग किती द्यावेत, याला एक उत्तर नाही. पिक्सिव्हवर 10 ची मर्यादा आहे, आणि तिथे इतर सदस्यही टॅग जोडू शकतात, म्हणून चित्रकाराला आपले टॅग कुलूपबंद करण्याची सोय दिलेली आहे. आर्काइव्हमध्ये कर्त्याने स्वतः लिहिलेल्या टॅगांवर 2021 साली 75 ची मर्यादा घालावी लागली, कारण एखाद्या कृतीचे टॅगच इतके लांबत की यादी चाळताना त्यांतून बाहेर पडणे जिकिरीचे होई. मर्यादा कमी असेल, तर आधी मूळ कृती, मग पात्र, मग इशारा, आणि उरलेल्या जागेत वर्णन, असा माझा क्रम आहे. लोकप्रिय पात्राचे नाव केवळ गर्दी खेचण्यासाठी जोडणाऱ्यांविषयी मी फार लिहीत नाही. त्यांना आपण काय करतो आहोत ते ठाऊक असते.

भाचीचा खरा आक्षेप शेवटी श्रमांचा असतो. “एवढे सगळे कोण करणार, आत्या, आणि जुन्या चित्रांचे काय?” जुन्या चित्रांना एका बैठकीत सुधारायला जाऊ नये, असे मी तिला सांगितले आहे. आधी फक्त इशारे पाहून घ्यावेत, कारण तिथली चूक दुसऱ्याला त्रास देते. मग मूळ कृती आणि उसने घेतलेल्या गोष्टींचे श्रेय नीट करावे. नऊवारी, पाऊस, पायऱ्या, कंदील हे सवडीने झाले तरी चालते, आणि एखाद्या प्रेक्षकाने उणीव दाखवली तर तेवढ्यापुरते लगेच करावे. ‘उदास’ हा टॅग मात्र आमच्यात अजून लोंबकळतो आहे. माझे म्हणणे असे की अश्रू दिसत असतील तर ‘अश्रू’ लिहावे, मनाची अवस्था पाहणाऱ्यावर सोपवावी. तिचे म्हणणे असे की लोक उदास चित्रेच शोधतात, अश्रू शोधत नाहीत. गटातली बहुतेक मुले तिच्या बाजूला आहेत, आणि यादीत तूर्त दोन्ही शब्द आहेत.